पन्हळ तुंबली की गिरणी पडते

पहाटे 5:35

ठाण्याहून सुटणाऱ्या धीम्या लोकलमध्ये या वेळेला बसायला जागा मिळते. उतरायचं करी रोडला. मे संपत आलाय आणि नऊनंतर गिरणीच्या छपरावर हात टेकवत नाही, म्हणून आमचा दिवस असा अंधारात सुरू होतो. पिशवीत हेल्मेट, लेझर मीटर, साधी पोलादी टेप (उन्हात लेझरचा लाल ठिपका दिसत नाही), भिंग, खडू, टॉर्च, चुन्याचे नमुने घ्यायला छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. डबा वेगळा.

जुन्या इमारतींची मोजणी आणि तपासणी करणारी मी वास्तुविशारद. सध्या लालबागच्या बाजूच्या एका बंद गिरणीचं काम हातात आहे. ठेवायची की पाडायची हे मालकांकडे ठरायचंय. त्याआधी आत काय उभं आहे आणि कुठल्या अवस्थेत आहे, याचा अहवाल आम्ही द्यायचा. निर्णय झालेला नाही म्हणून गिरणीचं नाव इथे लिहीत नाही.

6:30

गेटवरचे वॉचमन मामा रजिस्टर पुढे करतात. नाव, वेळ, सही, आत जाण्याचं कारण. कारणाच्या रकान्यात मी रोज ‘मोजणी’ लिहिते. रात्री बॉयलर हाउसकडे साप निघाला होता, आज तिकडे जाऊ नका, असं ते बजावतात. आम्ही पाच जण: मी, एक तरुण स्ट्रक्चरल इंजिनिअर, ड्राफ्ट्समन आणि शिडी-दोर सांभाळणारे दोन मजूर.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली ताडदेवला काढली. मग भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि वरळीपासून शिवडीपर्यंत गिरण्या, त्यांच्याभोवती चाळी, चाळींत खानावळी, व्यायामशाळा, भजनी मंडळं असं गिरणगाव उभं राहिलं. जमिनीचा हिशेब मांडायची वेळ आली तेव्हा 58 गिरण्या आणि सुमारे 600 एकर जागा होती. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप मागे घेतल्याचं कधी जाहीरच झालं नाही. गिरण्या मात्र एकामागून एक थंडावल्या. आमची ही गिरणी शतक संपेपर्यंत कशीबशी चालली, मग गेट बंद झालं.

6:50

शिडीवरून साचेखात्याच्या छपरावर. दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

विणकामाचे माग, म्हणजे गिरणीच्या भाषेत साचे, बहुतेक करून तळमजल्यावर असत. शेकडो साचे एकदम चालले की होणारी थरथर वरच्या मजल्याला सोसणारी नव्हती. सूतकताई वरच्या मजल्यांवर चाले आणि साचे एकमजली, अफाट रुंद शेडमध्ये. एवढ्या रुंद शेडच्या मधोमध उजेड पोचवायचा तर बाजूच्या खिडक्यांचा उपयोग नाही. म्हणून छप्पर करवतीच्या दात्यांसारखं: एक उतार पत्र्याचा किंवा कौलांचा, दुसरी उभी बाजू काचेची. काचेची बाजू उत्तरेला, म्हणजे ऊन सहसा थेट आत येत नाही आणि दिवसभर सारखा, सावली न पाडणारा उजेड मिळतो. तुटलेला धागा विणकराला त्या उजेडात दिसायचा. याला सगळे ‘नॉर्थ लाइट’च म्हणतात.

आता प्रत्येक दोन दात्यांच्या मध्ये एक घळ तयार होते. तिथे बीडाची पन्हळ. छपरावरचं सगळं पाणी या पन्हळींत उतरतं. पुढे जातं कुठे? शेडच्या मधोमध पाइप उतरवायला जागा नसते. म्हणून छप्पर पेलणारे बीडाचे खांबच पोकळ ओतलेले आहेत आणि पाणी खांबांच्या आतून जमिनीखालच्या गटारात जातं. छताचा भार आणि पावसाचं पाणी, दोन्हीची वाट एकच. फार हुशार रचना आहे, आणि रोज लक्ष मागणारी. गिरणी चालू होती तेव्हा पावसाळ्याआधी पन्हळी साफ करणं हे ठरलेलं काम असे.

मुंबईत वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. गिरणी बंद झाली की पहिल्या वर्षी पन्हळीत पिंपळाची पानं, कबुतरांची विष्ठा, पतंगाचा मांजा, आजूबाजूच्या इमारतींतून उडून आलेल्या पिशव्या साचतात. खांबाचं तोंड बुजतं. पाणी पन्हळीतून आत सांडतं आणि तिच्याखालच्या सागवानी तुळईच्या टोकावर पडतं. सागवान सहजासहजी कुजत नाही, पण जिथे तुळईचं टोक खांबाच्या माथ्यावर टेकतं तिथे ओल वर्षभर राहते आणि तिथे तेही हार मानतं. जे पाणी खांबात शिरतं ते खाली तुंबतं आणि खांब आतून गंजतो. बीड दाबाला जबरदस्त टिकतं, ताणाला मात्र ठिसूळ असतं. तुळई एका बाजूला खचली की खांबावर तिरका भार येतो, तो त्याला नको असतो. पुढे काचा फुटतात, पाऊस थेट आत, भिंतीतला चुना धुतला जातो, विटांना लोणा लागतो, पिंपळ मुळं रोवतो. पाच-सहा पावसाळे एवढ्याला पुरतात.

आज आम्ही उत्तरेकडचे गाळे तपासले. कुदळ लावायची नाही, हातानेच गाळ बाजूला करायचा, खांबाचं तोंड शोधायचं आणि त्यात बादलीभर पाणी ओतून खाली गटारापाशी उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं, ‘आलं का?’ काही खांबांतून येतं. बहुतेकांतून येत नाही. जिथून येतं त्या गाळ्यातल्या तुळया आजही ठणठणीत आहेत. टोचणी मारली तर आत जात नाही. जिथून येत नाही तिथे टोचणी मुठीपर्यंत शिरते. एकाच छपराखाली, एकाच वर्षी बसवलेलं, एकाच जातीचं लाकूड.

मी हे रोज नकाशावर हिरव्या आणि तांबड्या रंगात भरते. तांबडा भाग वाढतोय.

9:10

पत्रा तापला. खाली उतरून आत.

आत साचे नाहीत. ते केव्हाच भंगारात गेले. जमिनीवर त्यांच्या पायांचे बोल्ट तेवढे राहिलेत, ओळीने. मी टेप धरते, इंजिनिअर आकडे सांगतो, ड्राफ्ट्समन लिहून घेतो. खांबांमधलं अंतर, खांबाचा घेर, पोकळ खांबाच्या भिंतीची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने. खांब ओततानाच ठसवलेली ओतशाळेची अक्षरं रंगाच्या थराखाली हाताला लागतात. तीही कागदावर शिसपेन्सिल घासून उतरवून घेतो. मुंबईच्या गिरण्यांची बरीचशी यंत्रसामग्री लँकेशायरमधून येत असे, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांतून.

शेजारच्या सूतखात्याच्या तीनमजली इमारतीत भिंतींना तडे आहेत. त्यांच्यावर आम्ही काचेच्या पट्ट्या चिकटवून तारीख लिहून ठेवली आहे. तडा वाढत असेल तर काच तडकते. आज सगळ्या पट्ट्या शाबूत. याचा अर्थ हे तडे जुने आहेत, इमारत आता हलत नाही. हा निष्कर्ष साधा दिसतो पण त्यावर बरंच अवलंबून आहे.

या मजल्यांबद्दल एक गोष्ट लोकांना सांगावीशी वाटते. घराच्या फरशीचं गणित करताना आपण चौरस मीटरला 200 किलोचा भार धरतो. हलक्या ते अवजड कारखान्याला 500 ते 1000 किलो धरावा लागतो. हे मजले यंत्रं पेलायला बांधलेले. शाळा, दवाखाना, हलकी कार्यशाळा यांतलं काहीही इथे आणलं तरी मजल्याला आजवर पेललं त्यापेक्षा कमीच पेलावं लागेल. ‘जुनी इमारत, भार सोसणार नाही’ हे वाक्य मी बैठकीत ऐकते तेव्हा मला राग येतो. दुरुस्ती केलेली असेल तर ती सोसेल. खर्च किती, हा प्रश्न रास्त आहे. पण सोसणार नाही, असं मोजल्याशिवाय म्हणू नये.

10:40

गेटबाहेरच्या टपरीवर चहा आणि वडापाव. मजुरांपैकी एकाच्या हाताला काच लागली आहे, त्याला जवळच्या डॉक्टरांकडे धनुर्वाताच्या इंजेक्शनला पाठवलं.

11:15

आजची दुसरी मोठी गोष्ट. या गिरणीच्या वायंडिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यात काम केलेल्या एक मावशी यायच्या होत्या. पलीकडच्या चाळीत राहतात, सत्तरी ओलांडली आहे. बायका गिरणीत प्रामुख्याने वायंडिंग आणि रीलिंग या खात्यांत असत. मावशी मोठ्याने बोलतात. गिरणीत उमेदीची वर्षं काढलेल्या पुष्कळांचं असं होतं. यंत्रांच्या आवाजात कान गेलेले असतात. साचेखात्यात तर हातवारे आणि ओठ यांवरच संभाषण चाले. कापसाच्या धुळीने छाती गेलेली माणसंही मी पाहिली आहेत. धागा तुटू नये म्हणून हवेत मुद्दाम पाण्याचा फवारा, खिडक्या बंद, वर मे महिना. गिरणी ठेवा असं म्हणणाऱ्या माणसाने हे आधी नीट ऐकून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडे गिरणीचा एक जुना नकाशा आहे. त्यात गेटाशेजारच्या एका खोलीवर नुसतं ‘स्टोअर’ लिहिलंय. मावशी दारातच थांबल्या.

“स्टोअर कसलं? पाळणाघर होतं हे. माझा थोरला इथंच वाढला. दुपारच्या सुट्टीत येऊन दूध पाजायचं आन् परत पळायचं.”

भिंतीत कमरेइतक्या उंचीवर हुकांची रांग आहे. आम्ही ती पोती टांगायची सोय समजून नोंदवली होती. मावशींनी सांगितलं, पिशव्या अडकवायच्या. प्रत्येकीचा हुक ठरलेला. पुढे त्यांनी कँटीन कुठे होतं, पगाराची खिडकी कुठली, बदली कामगार सकाळी कुठे उभे राहत, द्वारसभेला पुढारी कुठल्या पायरीवर चढून बोलत, सगळं फिरून दाखवलं. ड्राफ्ट्समन नकाशावर लिहीत गेला. वारसा याद्यांमध्ये ‘चिमणी, शेड, तळं’ असं येतं. पाळणाघर येत नाही, कारण त्याला कमानी नाहीत. मी ती खोली आज स्वतंत्र क्रमांक देऊन नोंदवली.

मग मी त्यांना विचारलं, हे ठेवावं असं वाटतं का?

“ठेवून काय करणार ताई? पाडा की. पाडा आन् घरं बांधा. फॉर्म भरून किती वर्षं झाली माझा.”

हे मी टाळून पुढे जाऊ शकत नाही. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. म्हाडाची पहिली मोठी सोडत 2012 साली निघाली, साडेसहा हजारांहून अधिक घरांची. त्यानंतरच्या सोडती धरूनही बहुसंख्य अर्जदार अजून थांबलेले आहेत. आता शेलू-वांगणीला घरं घ्या असं सांगितलं जातं आणि कामगार संघटनांचा त्याला विरोध आहे. ज्यांचं आयुष्य लालबाग-परळमध्ये गेलं त्यांना म्हातारपणी कर्जतच्या वाटेवर का पाठवायचं, हा त्यांचा सवाल आहे. तो मला पूर्णपणे पटतो. माझ्या अहवालामुळे मावशींचं घर एक दिवस जरी लांबणार असेल, तर तो अहवाल चुकीचा ठरेल.

पण मी त्यांना नकाशाच दाखवला. शेड आणि सूतखातं मिळून या जागेचा काही भाग व्यापतात. बाकी मोकळी जमीन आहे, पडक्या पत्र्याच्या गोदामांची जागा आहे. घरं तिथे बसतात. इमारती ठेवल्यामुळे घरं अडत नाहीत, हे मी मोजून सांगू शकते. मावशींनी बराच वेळ नकाशा पाहिला. “मग बांधत का न्हाईत?” असं विचारलं. त्याचं उत्तर माझ्या टेपमध्ये नाही. ते 2001 सालात आहे, आणि दुपारच्या बैठकीत पुन्हा माझ्यासमोर येणार होतं.

1:00

सूतखात्याच्या सावलीत डबा. कोल्हापूरहून एका विद्यार्थिनीचा फोन: शाहू मिलवर प्रबंध करतेय, खांब कसे मोजायचे? 1906 साली राजर्षी शाहू महाराजांनी उभी केलेली गिरणी. तिला पन्हळींपासून सुरुवात कर म्हणाले. छायाचित्रं नंतर काढ, आधी पाणी कुठे जातं ते बघ.

2:30

मालकांच्या कार्यालयात बैठक. वातानुकूलित खोली, मोठ्या पडद्यावर रंगीत चित्र. चित्रात मधोमध चिमणी, तिच्यावर खालून दिवे सोडलेले, भोवती हिरवळ आणि कारंजं, मागे उंच टॉवर. साचेखातं नाही. सूतखातं नाही. ‘चिमणी आपण जपतोय,’ असं मला आनंदाने सांगण्यात आलं.

मी म्हटलं, चिमणीत कुणी काम करत नव्हतं. तो धूर जायचा रस्ता होता. माणसं शेडमध्ये होती. ठेवायचंच असेल तर शेड ठेवा, कारण तिचा पुन्हा वापर होऊ शकतो. चिमणीचा होत नाही. शिवाय सुटी राहिलेली चिमणी सुरक्षितही नसते. चुन्यात बांधलेला विटांचा उंच, निमुळता सोट तो. शेजारी टॉवरच्या पायासाठी पाइल ठोकायला लागले की हादरे तिथवर पोचतात. त्या हादऱ्यांची मोजणी करणारी यंत्रं बसवण्याची तरतूद चित्रात नव्हती, खर्चातही नव्हती.

मग नेहमीचा मुद्दा आला: इमारत सी-1 आहे. मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. महापालिका मोडकळीला आलेल्या इमारतींची वर्गवारी करते. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. पालिका अधिनियमाच्या कलम 354 खाली नोटीस निघते. हा नियम हवाच. पावसाळ्यात इमारती कोसळून माणसं मरतात. पण वारसा असलेली इमारतही एकदा सी-1 झाली की पुढची सगळी चर्चा संपते. कुठल्याही समितीला ‘पाडा’ असं म्हणावं लागत नाही. पाच-सहा पावसाळे पन्हळ साफ केली नाही की काम होतं. गिरणगावात जतन करायचं की पाडायचं हा वाद वर्तमानपत्रांत खूप झाला. माझ्या अनुभवात बऱ्याच इमारतींचा निकाल त्या वादात लागलाच नाही. तो छपरावर लागला, कुणी सही न करता.

आज मी हिरवा-तांबडा नकाशा टेबलावर पसरला. तुम्ही म्हणता तशी सगळी इमारत सी-1 नाही. जिथे पाणी वाहतं तिथे ती मजबूत आहे. तांबड्या गाळ्यांत तुळया बदलायला लागतील, काही खांबांना पोलादी जोड द्यावी लागेल. पण त्याआधी, येत्या पंधरा दिवसांत, पन्हळी मोकळ्या करा. सहा मजूर, एक आठवडा, थोडं शिसं, डांबर आणि ताडपत्री. मुंबईत पावसाची नेहमीची तारीख 11 जून आहे.

मालकांच्या बाजूच्या साहेबांनी नकाशा लक्षपूर्वक पाहिला, हे मी नोंदवते. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो खरा होता: शेड ठेवली तर जमिनीच्या हिशेबाचं काय?

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने गिरणीच्या जमिनीच्या पुनर्विकासाला वाट दिली. ढोबळमानाने एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. 1996 साली राज्य सरकारने चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. या जमिनींकडे तुकड्या-तुकड्याने न बघता सगळ्यांचा मिळून आराखडा करावा, ही त्याची दिशा होती. ती कुणी धरली नाही. 2001 साली नियम बदलला: वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची होणार. इमारती ज्या जमिनीवर उभ्या होत्या ती वाटणीतून वगळली, आणि इमारती पाडल्यानंतरही ती वगळलेलीच राहिली. गिरण्यांची बहुतेक जमीन शेडनीच व्यापलेली. म्हणजे वाटायला उरलं फार थोडं. या बदलाला आव्हान दिलं गेल्यावर उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये जनतेच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये 2001 चा नियम कायम केला.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. ज्या शेडमध्ये कामगारांनी आयुष्य काढलं, त्याच शेडचा जमिनीवरचा ठसा कामगारांचं घर आणि शहराचं मैदान वजा करायला वापरला गेला. नंतर शेडही पाडली गेली. इमारत राहिली असती तर निदान तेवढं राहिलं असतं. आपण दोन्ही घालवलं, आणि याचं मला मनापासून दुःख होतं.

बैठकीत मी हे इतकं नाही बोलले. एवढंच म्हटलं की शेड ठेवली तरी तिच्या जागेवरचं बांधकामक्षेत्र त्याच आवारात दुसरीकडे देता येतं, त्याची दोन रेखाटनं शुक्रवारपर्यंत पाठवते. पन्हळींच्या परवानगीवर ‘बघतो’ असं उत्तर मिळालं.

4:20

लोअर परळला, सेनापती बापट मार्गावर, दुसऱ्या एका कामासाठी. हा रस्ता मी मुद्दाम चालत जाते.

फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या आवारात उभी आहे. कमला मिलच्या आवारात जुन्या शेडांमध्ये कचेऱ्या आणि हॉटेलं आली. 29 डिसेंबर 2017 रोजी मध्यरात्र उलटल्यावर तिथल्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून 14 माणसं मेली. जुन्या इमारतीचा पुनर्वापर करा असं मी उठता-बसता सांगते, म्हणून ही तारीख मी विसरत नाही. पुनर्वापर म्हणजे बाहेर पडायचे जिने मोकळे, पाण्याची टाकी भरलेली, विजेची तार नवी. हे नसेल तर पाडलेलं बरं.

त्याच वर्षी, 29 सप्टेंबरला, इथून थोड्या अंतरावर तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या पुलावर सकाळच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन 23 जण गेले. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, हजारो माणसं रोज इथे उतरू लागली, पूल मात्र तोवर अरुंदच राहिला होता. कामगार गिरणीशेजारी राहत आणि चालत कामावर जात; आता काम करणारी माणसं बदलापूर-विरारहून येतात. इमारत ठेवण्या-पाडण्याचा विचार करताना तिच्या दारापर्यंतची वाटही त्याच हिशेबात धरायला हवी. कोरिया गटाच्या एकत्रित आराखड्याची गरज इथे संध्याकाळी साडेपाचला उभं राहिलं की कळते.

6:15

दादरचं आमचं छोटं ऑफिस. दिवसाचे आकडे संगणकावर चढवायचे.

साहेबांना पाठवायच्या रेखाटनांना एक उदाहरण जोडते आहे, ब्राझीलमधल्या साव पावलो शहरातलं. तिथे पिंपं बनवणारा एक जुना कारखाना पाडून क्रीडाकेंद्र बांधायचं होतं. वास्तुविशारद लीना बो बार्दी जागा बघायला गेल्या तेव्हा शेडमध्ये शेजारपाजारची मुलं खेळत होती, बाया-माणसं रविवार घालवत होती. त्यांनी ठरवलं की जे चाललंय ते असंच चालू द्यायचं. शेड ठेवल्या, आत वाचनालय, नाट्यगृह, जेवणघर केलं आणि खेळांसाठी शेजारी नवे मनोरे उभारले. सेस्क पोंपेया नावाचं हे केंद्र 1982 साली उघडलं. आपल्याकडे भोंगे थांबले त्याच वर्षी. आजही तिथे कुणीही जाऊन बसू शकतं, काही विकत न घेता. मॉलपेक्षा वेगळं ते एवढंच, आणि माझ्या दृष्टीने तेवढंच पुरेसं आहे.

मुंबईत काहीच झालं नाही असं नाही. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक 2 आणि 3 च्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालय करायचं काम महापालिकेने हाती घेतलं, तळ्याकाठी रंगीत कारंज्याचा कार्यक्रमही उभारला. संग्रहालय पूर्ण व्हावं असं मला फार वाटतं. त्यात पाळणाघर दाखवलं जावं, हुकांसकट, असं पत्र मी लिहिणार आहे.

आमच्या रेखाटनात शेडच्या उत्तरेकडच्या भागात शिवणकाम आणि सुतारकामाचं प्रशिक्षण, मधे अभ्यासिका (चाळीच्या खोलीत मुलांना अभ्यासाला जागा नसते, हे इथल्या कुठल्याही घरात विचारा), दक्षिणेकडे बाजार. मोकळ्या जमिनीवर कामगारांची घरं, गेटाच्या अगदी जवळ, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना रस्ता आणि दवाखाना लांब पडणार नाही. पाळणाघराचं पुन्हा पाळणाघर. ड्राफ्ट्समनने ते आधीच काढून ठेवलं होतं, मी सांगायच्या आत.

8:45

मालकांच्या कार्यालयातून मेल आला. पन्हळी साफ करायला परवानगी, अटींसह: मजुरांचा विमा आमचा, जबाबदारी आमची, काम फक्त सकाळी सहा ते दहा, आणि ‘या परवानगीचा अर्थ इमारत जतन करण्यास संमती असा घेतला जाऊ नये’. तो अर्थ मी घेत नाही. पण मोकळ्या पन्हळीतून पाणी जातं, मग संमती असो वा नसो.

कंत्राटदाराला फोन केला. सोमवारी सहा माणसं, छपरावर चढायची सवय असलेली, पट्टे आणि दोर त्याचे. विम्याचे कागद उद्या दुपारपर्यंत. गाळ पोत्यांत भरून खाली उतरवायचा, वरून फेकायचा नाही, काचा फुटतील. कुदळ नको, लोखंडी घमेली नकोत, रबरी चालतील. आधी तांबडे गाळे, कारण तिथे पाणी सगळ्यात जास्त तुंबतं. खालच्या तुळयांना टेकू लागल्याशिवाय त्या गाळ्यांवर एका वेळी एकाहून जास्त माणूस चढवायचा नाही. टेकूंसाठी वीस बल्ल्या लागतील. त्यातल्या त्याच्याकडे बारा आहेत, आठ मी शिवडीच्या वखारीतून सकाळी बघते.